हॉट-वायर ॲनिमोमीटर: आठ महिने वापरल्यानंतर

विंड टनेलमधला (प्रयोगासाठी वारा सोडायच्या बोगद्यातला) टर्ब्युलन्स, म्हणजे प्रवाहातली अनियमित खळबळ, मोजायला आठ महिने हॉट-वायर, म्हणजे तापलेल्या तारेने वाऱ्याचा वेग मोजणारं साधन, वापरतोय. तार टंगस्टनची, जाडी 5 मायक्रॉन, लांबी सव्वा मिलिमीटर. उजेडात तिरकी धरली की क्षणभर चमकते, एरवी दिसणं कठीण. पहिल्याच महिन्यात तीन तारा गेल्या: दोन बसवताना टेकून, एक ब्रिज (तार तापती ठेवणारं विद्युत मंडल) चालू असताना प्रोब, म्हणजे तार बसवलेली दांडी, उपसल्यामुळे. हात बसल्यावर मात्र एकच तार तीन महिने चालली.

तत्त्व सोपं आहे. तार सुमारे 250 अंश सेल्सिअसवर तापलेली ठेवायची. वारा तिला गार करू बघतो, ब्रिज तापमान टिकवायला व्होल्टेज वाढवतो, त्यावरून वेग काढायचा. व्होल्टेज आणि वेग यांचं नातं सांगणारं, शास्त्रज्ञ किंगचं 1914 चं सूत्र आजही कामाला येतं, पण त्यातले स्थिरांक प्रत्येक तारेचे वेगळे, म्हणून पिटो नळीशी (हवेच्या दाबावरून वेग मोजणाऱ्या नळीशी) ताडून कॅलिब्रेशन करावंच लागतं.

मला सगळ्यात जास्त छळलं ते हवेच्या तापमानाने. सकाळी कॅलिब्रेशन केलं, दुपारपर्यंत सरासरी वेग हळूहळू उतरत गेला. दोन दिवस पंख्यातच दोष शोधत बसलो. पिटोचा आकडा मात्र जागचा हलत नव्हता! शेवटी थर्मोकपल (तापमान मोजणारा संवेदक) लावलं, तर टनेलमधली हवा चार अंशांनी तापलेली. हवा गरम झाली की तार कमी गार होते आणि वेग कमी दिसतो. अंशामागे साधारण एक-दोन टक्के. आता तापमान प्रत्येक नोंदीसोबत घेतो.

एवढं करूनही हे साधन मला आवडतं ते त्याच्या चपळाईमुळे. सेकंदाला हजारो वेळा होणारे चढउतार ही तार टिपते. जाळीमागच्या प्रवाहाचा स्पेक्ट्रम (कोणत्या वारंवारतेच्या चढउतारांत किती ऊर्जा आहे, त्याचा आलेख) काढला तेव्हा मेन्सच्या, म्हणजे घरगुती वीजपुरवठ्याच्या, वारंवारतेवर एक टोकदार शिखर आलं होतं. अर्थिंग सुधारल्यावर ते गेलं, आणि टर्ब्युलन्सबद्दलच्या, गणितज्ञ कोल्मोगोरोवच्या 1941 च्या सिद्धांतातून येणारा उणे पाच-तृतीयांशचा उतार स्वच्छ दिसला. तो आलेख मी बराच वेळ बघत बसलो होतो.

उलट्या प्रवाहात मात्र ही तार वापरू नका. वारा पुढून आला की मागून, हे तिला कळत नाही. दंडगोलाच्या अगदी मागे घेतलेले माझे आकडे म्हणूनच टाकून द्यावे लागले. तिथे पीआयव्ही (प्रवाहातल्या कणांचे फोटो काढून वेग मोजायची पद्धत) किंवा लेझर डॉप्लरच (कणांवरून परतलेल्या लेझर प्रकाशावरून वेग मोजायची पद्धत) हवं.

सध्या प्रत्येक प्रयोगाच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा कॅलिब्रेशन करतो. दोन्ही वक्र जुळले नाहीत, तर त्या दिवसाची फाइल ठेवत नाही.