जुन्या घरातील दिव्यांना अर्थिंग: तिसरी वायर, प्लॅस्टिक फिटिंग की आरसीसीबी?

धातूच्या दिव्याला हात लावताच मुंग्या येणे, बटण बंद केल्यावरही एलईडी मंद उजळत राहणे किंवा पावसाळ्यात भिंतीला ओल आली की व्हरांड्यातील दिव्याच्या पत्र्यात करंट उतरणे, या जुन्या इमारतींतील नेहमीच्या तक्रारी आहेत. अशा अनेक घरांत दिव्याच्या पॉइंटपर्यंत फेज आणि न्यूट्रल या दोनच वायरी आलेल्या असतात. त्यावर अर्थिंगची तिसरी वायर ओढणे, फिटिंग बदलून प्लॅस्टिकचे घेणे किंवा मुख्य बोर्डात आरसीसीबी (करंट बाहेर गळू लागताच वीज तोडणारा स्विच) बसवणे असे तीन उपाय सुचवले जातात. मात्र दोष नेमका कोठे आहे हे कळल्याशिवाय यांपैकी कशावरही खर्च करू नये.

बंद दिवा मंद उजळत असेल, तर बटण फेजऐवजी न्यूट्रलवर जोडले आहे का, हे आधी तपासावे. तसे असल्यास दिवा बंद असतानाही होल्डरमध्ये २३० व्होल्ट कायम असतात आणि तेथे कोणतेही अर्थिंग उपयोगी पडत नाही. बोर्डातील जोडणी सुधारणे हाच उपाय ठरतो. मुंग्या येण्यामागे मात्र दोन निरनिराळी कारणे संभवतात. एलईडीच्या ड्रायव्हरमधील (एलईडीला वीजपुरवठा करणाऱ्या सर्किटमधील) कपॅसिटरमधून अत्यल्प प्रवाह पत्र्यावर येतो, किंवा वायरीचे आवरण खरवडून फेज थेट पत्र्याला टेकते. टेस्टर दोन्ही वेळा पेटतो, त्यामुळे त्याच्यावर विसंबता येत नाही. वायरमनने पत्रा आणि न्यूट्रल यांमध्ये साधा तारेचा टेस्ट लॅम्प धरून पाहावा. तो पूर्ण उजळला, तर दोष गंभीर आहे आणि ते फिटिंग त्याच क्षणी वापरातून काढले पाहिजे.

तिसरी वायर हा तिन्हींतील सर्वांत पक्का उपाय आहे, कारण दोष निर्माण होताच प्रवाहाला माणसाच्या शरीराऐवजी तांब्याची वाट मिळते. पाइप भिंतीत गाडलेला आणि वायरींनी भरलेला असेल, तर काम कष्टाचे होते. केसिंग-कॅपिंग (भिंतीवरून नेलेली, झाकण उघडता येणारी पट्टी) असेल, तर ते बरेच सोपे जाते. पण वायर ओढली म्हणजे काम झाले असे नाही. इमारतीच्या अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध २० ओहम असेल, तर २३० व्होल्टला तेथून जेमतेम ११.५ अँपिअर प्रवाह वाहतो आणि तेवढ्याने ६ अँपिअरचा एमसीबी (जादा प्रवाह वाहिल्यास वीज तोडणारा स्विच) तत्काळ पडत नाही. तोपर्यंत पत्रा जिवंतच राहतो.

म्हणूनच ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी मला पर्यायापेक्षा जोड वाटतो. तो अर्थिंगशिवायही काम करतो. फरक इतकाच की अर्थिंग नसेल, तर तो माणसाला झटका बसल्यानंतर पडतो आणि अर्थिंग असेल, तर बहुधा कोणी हात लावण्यापूर्वीच. फेज आणि न्यूट्रल या दोन्हींना एकाच वेळी स्पर्श झाल्यास मात्र तो वाचवत नाही. जुन्या घरात एका सर्किटचा न्यूट्रल दुसऱ्याला जोडलेला असल्यास तो विनाकारण पडत राहतो. अशा वेळी आरसीसीबी काढून टाकण्याचा सल्ला मिळतो, तो कृपया मानू नये आणि न्यूट्रल वेगळे करून घ्यावेत.

भाड्याच्या घरासाठी किंवा खोलीतील साध्या दिव्यासाठी दुहेरी इन्सुलेशनचे, म्हणजे चौकोनात चौकोन अशी खूण असलेले फिटिंग पुरेसे आहे. झुंबर, बाथरूममधील धातूचा दिवा आणि गॅलरीतील पत्र्याचा दिवा यांना मात्र तिसरी वायरच हवी.

वायर वाचवण्यासाठी पॉइंटवरच न्यूट्रल आणि पत्रा जोडून दिल्याचे कधी कधी आढळते. ही जोडणी जीवघेणी आहे: मागे कोठे न्यूट्रल तुटला आणि बटण चालू असले, की दिव्यातून आलेला फेज थेट पत्र्यावर उतरतो.

काम पूर्ण झाल्यावर फेज आणि नवी अर्थिंग यांमध्ये वायरमनकडून १०० वॅटचा तारेचा दिवा लावून घ्यावा. आरसीसीबी असेल, तर तो लगेच पडला पाहिजे. नसेल, तर दिवा न्यूट्रलवर जळतो तितकाच प्रखर जळला पाहिजे. मंद जळाला, तर वायरमनला पैसे देण्यापूर्वी अर्थिंगचा खड्डा तपासून घ्यावा.