आपला माणूस म्हणून विश्वास ठेवला: स्पोर्ट पेडलच्या नादात गेलेले ८,७०९ रुपये

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत २१ वर्षं टर्नर आहे, म्हणजे लेथवर धातूचे भाग कापून घडवतो. रोज हाताखालून अ‍ॅल्युमिनियम जातं, एम.एस. (साधं पोलाद) जातं, आणि मलाच पत्र्याचा तुकडा अ‍ॅल्युमिनियम म्हणून विकला गेला. धाकट्या भावाला मी अजून हे सांगितलेलं नाही. सांगायची लाज वाटते. तरी लिहितोय, कारण त्या ठगाचा फोन नंबर आजही चालू आहे आणि पुढचा तुमच्यापैकीच कुणीतरी असेल.

माझी २०१४ ची स्विफ्ट, मॅन्युअल. ब्रेक आणि क्लचचे रबर झिजून गुळगुळीत झाले होते. पावसाळ्यात ओला बूट सटकायचा. नुसते रबर बदलले असते तर भागलं असतं. पण फोनवर स्पोर्ट पेडलची, म्हणजे पेडलांवर बसवायच्या धातूच्या कव्हरांची, जाहिरात दिसली: तीन मिमी अ‍ॅल्युमिनियम, वर रबराची बोंडं, भोक न पाडता घरच्या घरी बसवा, तीन पेडलांचा सेट २,८५० रुपये. हाताला काम येतं, गॅरेजवाल्याला पैसे कशाला द्यायचे? हौस नव्हती हो ती. गरज होती, आणि जरा देखणं मिळत असेल तर वाईट काय, एवढाच विचार होता.

फोन लावला. डीपीला भगवा झेंडा. पलीकडून आवाज आला, "बोला दादा, आपलं निपाणीचंच हाय, काय बी काळजी करू नका." बाहेरगावच्यांना कळायचं नाही, पण १९५६ ला बेळगाव कर्नाटकात (तेव्हाच्या म्हैसूर राज्यात) गेलं तेव्हापासून इथं राहणाऱ्या मराठी माणसाला 'आपलं' हा शब्द ऐकला की काय होतं ते मला माहीत आहे. मी त्याला जीएसटी नंबर विचारला नाही. दुकानाचा फोटो मागितला नाही. कुठली शाळा, कुठली गल्ली, असल्या गप्पा मारल्या.

कॅश ऑन डिलिव्हरी नाही म्हणाला, "लोक माल परत पाठवतात दादा." आधी ५०० घेतले. माल निघताना उरलेले २,३५०. दुसऱ्या दिवशी आणखी ४५०, कशाला तर माल महाराष्ट्रातून कर्नाटकात येतो, बॉर्डरचं ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीचा जीएसटीचा कागद, काढावा लागतो! निपाणी तर आपल्याच जिल्ह्यात आहे. मी विचारलंही तसं. "माल कोल्हापूरच्या गोडाऊनमधून निघतो," म्हणाला आणि मी गप्प बसलो. ई-वे बिल साधारणपणे ५०,००० रुपयांच्या वरच्या मालाला लागतं. आमच्या कंपनीचा माल रोज या बिलावर बाहेर जातो. मला माहीत होतं. तरी भरले.

पण सगळ्यात जास्त खातं ते दुसरंच.

पैसे भरायच्या आधी त्यानं बसवण्याचा व्हिडिओ पाठवला होता. सेकंड शिफ्टला चहाच्या वेळी मी तो तीनदा पाहिला. घरी आल्यावर पोराला दाखवला. पोरगा दहावीत आहे. तो लगेच म्हणाला, "पप्पा, ह्याचं स्टेअरिंग तिकडं का?" डाव्या बाजूला होतं. मी त्याच्यावरच खेकसलो. म्हटलं, सेल्फी कॅमेऱ्यात चित्र उलटं होतं, तुला काय कळतंय.

आता नीट विचार करा. चित्र उलटं झालं असतं तर पेडलंही उलटी दिसली असती, क्लच उजवीकडे आणि अ‍ॅक्सिलरेटर डावीकडे. स्टेअरिंग कुठल्याही बाजूला असो, पेडलांचा क्रम जगात सगळीकडे एकच: डावीकडून क्लच, ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर. व्हिडिओत तो क्रम सरळ होता. म्हणजे चित्र उलटं नव्हतंच, गाडीच परदेशातली होती आणि व्हिडिओ कुणाचा तरी चोरलेला. ड्रॉइंग हातात घेऊन डाव्या-उजव्या बाजूचा जॉब ओळखणं हे माझं रोजचं काम आहे. पंधरा वर्षांच्या पोराला दिसलं ते मला दिसलं नाही, कारण मला ते बघायचं नव्हतं. रात्री झोप लागत नाही तेव्हा तो व्हिडिओ डोळ्यापुढे येतो.

पार्सल आलं. हातात घेतलं तेव्हा हलकं लागलं. म्हटलं, अ‍ॅल्युमिनियम हलकंच असतं. रविवारी सकाळी अंगणात बसवायला घेतलं. जुने रबर ओढून काढले आणि कचऱ्यात टाकले. ही चूक कुणी करू नका, कंपनीचा रबर कितीही झिजलेला असो, जपून ठेवा. नवीन कव्हरला मागून पट्टी आणि चार बारीक स्क्रू होते. अ‍ॅलन कीनं आवळताना दोन स्क्रू नुसते फिरायला लागले, आटे धरेनात. तिथं थांबायला हवं होतं. पण आईला आणि बायकोला घेऊन निपाणीला बारशाला जायचं होतं. उशीर होत होता.

वंटमुरी घाटाच्या उतारावर पुढं उसाचा ट्रक आला. मी ब्रेकवर पाय टाकला आणि कव्हर पायाखाली फिरलं. त्याचा कोपरा अ‍ॅक्सिलरेटरकडे गेला आणि बुटाचा तळवा त्यात अडकला. ब्रेक अर्धाच दाबला गेला. गाडी दुसऱ्या गिअरला टाकली, हँडब्रेक थोडा थोडा ओढला आणि कडेला घेतली. आई मागच्या सीटवर डोळे मिटून पुटपुटत होती. बायको काही बोलली नाही. तिनं नुसतं माझ्या हाताकडे पाहिलं. हात थरथरत होता.

त्याच ठिकाणाहून त्याला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोललो. तो शांत. "दादा, वहिनी बरोबर हाईत काय? सगळी ठीक हाईत न्हवं? पैसे आत्ताच परत करतो." दोन मिनिटांत क्यूआर कोड आला. स्कॅन करा, पिन टाका, ३,३०० जमा होतील. पैसे घ्यायला पिन लागत नाही हे आज पोरासोरांना ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं. पण पाचच मिनिटांपूर्वी मी आईला मारता मारता वाचवली होती. मी कोड स्कॅन केला, रक्कम वाचलीच नाही, पिन टाकला. ४,९९९ गेले. त्यानंतर फोन बंद.

कव्हरं उपटून टाकली आणि नुसत्या लोखंडी पेडलांवर पाय ठेवत निपाणी गाठलं. बारसं आटोपून त्यानं दिलेला पत्ता शोधला. तिथं तंबाखूचं गोडाऊन होतं, त्याला कुलूप.

सोमवारी कामावर डायल गेजचा (मोजायच्या घड्याळाचा) चुंबकाचा बेस त्या कव्हरजवळ नेला. टक्कन चिकटला. अ‍ॅल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही. जाडी मोजायचा व्हर्नियर लावला तर ०.८ मिमी. पत्रा, वर चंदेरी मुलामा. बोंडं गोंदानं चिकटवलेली, नखानं निघाली. असलं काही घ्याल तर पायाखाली बसवण्याआधी चुंबक लावा, दहा सेकंदांचं काम आहे. आणि इंजिन बंद ठेवून पेडल पूर्ण ताकदीनं पन्नास वेळा दाबा, कडेला दाबा, ओल्या बुटानं दाबा. जरा हललं तरी काढून फेका. अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून मॅटला कुठं अडत नाही ना तेही बघा.

आता साहेब लोकांचं सांगतो.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन केला. ही माझी चूक. लाजेपोटी एक दिवस घालवला आणि तोवर पैसे पुढं सरकले होते. पैसे गेल्या गेल्या, जागेवरूनच १९३० लावा, बायकोला नंतर सांगा. बँकेत गेलो तर म्हणाले, पिन तुम्हीच टाकलात. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, गाडीचं पेडल बदलायला कुणी सांगितलं होतं? फेरफार केला म्हणून तुमच्यावरच केस होईल. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीवर नोंदलेल्या गोष्टी बदलण्याबद्दल आहे. पेडलच्या कव्हरची आरसीवर कुठं नोंद असते? मी तोंड उघडलं तर म्हणाले, अर्ज कन्नडमध्ये आणा. मला कन्नड बोलता येतं, लिहिता येत नाही. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टला १५० रुपये देऊन अर्ज करून घेतला. तो ठेवून घेतला, पोच दिली नाही. "नाळे बर्री." उद्या या. चार वेळा 'उद्या' झालं, चार अर्ध्या रजा गेल्या.

दुसऱ्या ठाण्यात म्हणाले, पैसे बेळगावच्या खात्यातून गेले, तिकडंच जा. तो कोल्हापूरचं गोडाऊन म्हणाला होता म्हणून सीमेपलीकडच्या एका ठाण्यात गेलो. वाटलं, इथं तरी मराठीत ऐकून घेतील. मराठीतच ऐकून घेतलं आणि आधार कार्ड बघून म्हणाले, तुम्ही कर्नाटकातले, तिकडं करा. सत्तर वर्षं आम्ही ज्यांच्याकडे डोळे लावून बसलो त्यांच्या टेबलावर हे ऐकायला मिळालं. ठग मात्र दोन्हीकडे आरामात धंदा करतो.

हद्दीचं कारण सांगून कुणी परत पाठवलं तर उठू नका. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठंही घडलेला असो, खबर घ्यावीच लागते. झिरो एफआयआर म्हणतात ती हीच. घेतली नाही तर तीच खबर लेखी करून पोस्टानं एसपींना (पोलीस अधीक्षकांना) पाठवा. फसवणुकीला आता ४२० नाही, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. हे मला ठाण्यात कुणी सांगितलं नाही, शेजारच्या वकिलीण बाईंनी सांगितलं. ग्राहक आयोगात तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच करता येते, २०१९ च्या कायद्यानं ती सोय केली आहे, आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. चौकशीला ग्राहक हेल्पलाइन १९१५. स्क्रीनशॉट, चॅट, पार्सलवरचं लेबल, काही पुसू नका. मी रागात अर्धं चॅट पुसलं, ते आता मिळत नाही.

हिशेब: ५००, २,३५०, ४५०, ४,९९९, टायपिस्टचे १५० आणि कंपनीचे रबर परत घेतले त्याचे २६०. एकूण ८,७०९. रजांचे पैसे धरलेले नाहीत.

एसपींना अर्ज पोस्टानं पाठवला आहे, आयोगाचा अर्ज वकिलीण बाई लिहून देतायत. काल पोराच्या फोनवरून तो नंबर पाहिला. डीपी बदलला आहे, आता विठ्ठलाचा फोटो आहे. स्टेटसला तोच व्हिडिओ, स्टेअरिंग डावीकडे.