गाडी मस्त, पण बुकिंग फॉर्मवर सही करायच्या आधी कोटेशनची ओळ न् ओळ वाचा

दसऱ्याला अण्णांसाठी छोटी पेट्रोल गाडी घेतली, शोरूमला ५ पैकी ३ स्टार देतोय आणि दोन स्टार कापले ते फक्त कोटेशनमुळं. नाव मुद्दाम टाकत नाही, कारण मित्रांशी बोलल्यावर कळलं की सोलापुरात दुसरीकडंपण थोड्याफार फरकानं हेच चालतंय, त्यामुळं कुठंही घ्या पण हे वाचून जा.

टेस्ट ड्राइव्ह एक नंबर. सात रस्त्याच्या गर्दीत चालवू दिली, अण्णांना चढायला उतरायला जमतंय का तेपण निवांत बघू दिलं, पोरगा बोलायला चांगला होता, एसी आणि मायलेजबद्दल उगाच फेकाफेकी केली नाही.

मग कोटेशन आलं. सेल्सवाला सारखं खालच्या ऑन रोड (टॅक्स, इन्शुरन्स सगळं धरून) आकड्यावर बोट ठेवून ईएमआय सांगत होता आणि मी वरच्या ओळी वाचत होतो. एक्स शोरूम (गाडीची मूळ किंमत) आणि रोड टॅक्स बरोबर होतं (आपल्याकडं १० लाखाच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, घरीच हिशोब करून जावा). त्याच्या खाली इन्शुरन्स, एक्सटेंडेड वॉरंटी, इसेन्शियल किट, टेफ्लॉन आणि अंडरबॉडी कोटिंग, हँडलिंग चार्जेस (गाडी गोडाऊनमधून शोरूमला आणायचे म्हणून लावतात ते) आणि वर नंबर प्लेटचे वेगळे पैसे. बुकिंग फॉर्मवर तर या सगळ्यापुढं टिक आधीच छापून आलेली, आपण फक्त सही करायची.

किटमध्ये काय म्हणून विचारलं तर मॅट, मडफ्लॅप, गाडीचं कव्हर, परफ्यूम आणि डॅशबोर्डवरचा गणपती, सगळं मिळून साडेअठरा हजार! म्हणलं नको. तर "सर ते कंपल्सरी आहे, सगळेच घेतात." म्हणलं ठीक आहे दादा, कंपल्सरी आहे एवढं लेटरहेडवर लिहून द्या, किंवा मेल करा. तिथं गाडी अडली, तो आत गेला, मॅनेजर बाहेर आले आणि चहा मागवून किट काढून टाकलं. ही लिहून द्यायची मागणी फार कामाची आहे, कारण एक वस्तू घ्यायची तर दुसरी घ्यावीच लागेल अशी अट घालणं २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसत नाही, म्हणून लिहून कोणी देत नाही. नुसता वाद घालत बसलो असतो तर अजून तासभर तेच चाललं असतं.

नंबर प्लेटचं सांगतो. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाडीला हाय सिक्युरिटी प्लेट कंपनीकडूनच येते आणि तिची किंमत गाडीतच धरलेली असते, वेगळे पैसे कशाचे? हे बोलल्यावर ती ओळ गेली. हँडलिंगपण गेलं, पण त्याला जास्त वेळ लागला. अंडरबॉडी कोटिंगला मी सरळ म्हणलं की आपल्या सोलापुरात ना समुद्र ना खारी हवा, आणि कंपनीनं खालून कोटिंग केलेलंच असतंय.

खरा पैसा इन्शुरन्समध्ये आहे. नव्या कारला ३ वर्षांची थर्ड पार्टी (आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्याचा विमा) घ्यावीच लागते आणि तिचा दर सरकार ठरवतं, कुठंही घ्या तेवढाच. फरक पडतो तो ओन डॅमेज (आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा) आणि त्यातल्या झिरो डेप (क्लेममध्ये पार्ट जुने झाले म्हणून पैसे कापत नाहीत), इंजिन प्रोटेक्ट, चावी वगैरे ॲडऑनमध्ये, म्हणजे जादाच्या कव्हरमध्ये. बाहेरचं कोटेशन याच आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) आणि याच ॲडऑनवर घेतलं तर चौदा हजारानं कमी निघालं. "बाहेरची पॉलिसी घेतली तर आमच्याकडं कॅशलेस होणार नाही" (म्हणजे दुरुस्तीचं बिल थेट विमा कंपनी भरणार नाही) म्हणून घाबरवतात, पण त्या बाहेरच्या इन्शुरन्स कंपनीच्या गॅरेज लिस्टमध्ये याच शोरूमचं वर्कशॉप होतं, मोबाईलवर तिथंच दाखवलं. झिरो डेप मात्र ठेवा, नवी गाडी आहे. एक्सटेंडेड वॉरंटी मीपण घेतली, अण्णा गाडी दहा वर्षं तरी वापरणार.

लोनवाल्यांनी जास्त बघा, कारण हे सगळं ऑन रोडमध्ये धरून लोन केलं की मॅट आणि परफ्यूमवरपण पाच-सात वर्षं व्याज भरत बसाल.

नको त्या ओळी खोडून प्रत्येक ठिकाणी मॅनेजरची सही आणि शिक्का घेतला, फोटो काढला, मगच बुकिंगचे पैसे दिले आणि तेपण ऑनलाइन. कोणी ऐकतच नसेल तर १९१५ ला फोन करा, ग्राहक हेल्पलाइन आहे.

डिलिव्हरी सांगितलेल्या दिवशी दिली, तिथून गाडी थेट सिद्धेश्वर मंदिरात नेली, अण्णा लई खूष. पहिलं सर्व्हिसिंग इथंच करणार आहे, जॉबकार्डवर (सर्व्हिसिंगच्या कामांच्या यादीत) न विचारता काही घातलं नाही तर एक स्टार वाढवतो.