८८,४०२ रुपयांचे ओले लाकूड आणि खोट्या शिक्क्याचे बोल्ट

नाटकाचे सेट बांधणाऱ्या छोट्या कारखानदारांनी, हौशी संस्थांच्या नेपथ्यप्रमुखांनी आणि स्पर्धेच्या धावपळीत घाईने माल उचलणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावे, एवढ्यासाठी लिहीत आहे. नमुना एक दाखवायचा आणि माल दुसरा पाठवायचा ही युक्ती जुनीच आहे आणि ती आपल्यापैकी कुणालाही समजावून सांगण्याची गरज नाही. माझ्या बाबतीत ती लाकूड, प्लाय आणि बोल्ट या तिन्ही ठिकाणी एकाच वेळी वापरली गेली.

मागणी साधी होती. फ्लॅट (सेटच्या उभ्या भिंती) आणि लेव्हल (नट उभे राहतात ते उंच चौथरे) यांच्या चौकटींसाठी ३ × २ इंची, १० फूट लांबीचे पाईनचे ९६ नग, म्हणजे बरोबर ४० घनफूट, ८५० रुपये दराने ३४,००० रुपये. बारा मिलिमीटरच्या मरीन, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या, प्लायचे १४ ताव, चौरस फुटाला ७८ रुपये दराने ३४,९४४ रुपये. दहा मिलिमीटर जाडीचे ८.८ ग्रेडचे २०० बोल्ट, प्रत्येकी १८ रुपये, म्हणजे ३,६०० रुपये. त्यावर १८ टक्के कर धरून ८५,६०२ आणि टेम्पोचे २,८०० रुपये. पन्नास हजार आगाऊ दिले आणि उरलेले ३८,४०२ माल उतरवताना दिले. मरीन प्लाय कशाला, असे मला पुढे अनेकांनी विचारले. ज्यांचा सेट पावसाळ्यात टेम्पोवर ताडपत्रीखाली गावोगाव फिरतो, ते हा प्रश्न विचारणार नाहीत.

जो क्षण आजही मला झोपू देत नाही, तो माल उतरवतानाचा आहे. संध्याकाळ झाली होती, टेम्पोवाला परत निघण्यासाठी घाई करत होता, आणि आमचे मिस्त्री दोन नग खांद्यावर घेऊन आत जाताना थांबून म्हणाले, "दादा, लाकूड जड लागतंय." मी टोकावर हात फिरवला. तो भाग गडद आणि गार होता. व्यापाऱ्याला तिथूनच फोन लावला, तेव्हा त्याने अगदी सहज सांगितले की गोदामात पावसाची झड लागली आहे, वरचे पाणी दोन दिवसांत सुकेल. वरून भिजलेले लाकूड आणि आतून ओले असलेले लाकूड यांतला फरक मला ठाऊक आहे, आणि त्या एका नगाचे टोक करवतीने चार इंच कापले असते तर तो तिथेच दिसला असता. पण दुकानात पाहिलेला नमुना खणखणीत कोरडा होता, आठ माणसे कामासाठी उभी होती, रंगीत तालमीची तारीख ठरली होती आणि व्यापारी दोन ओळखीच्या संस्थांची नावे सांगून आला होता. अशा वेळी कुणीही पैसे दिलेच असते, हे मी आजही म्हणेन. फसवणारा नेमकी हीच वेळ निवडतो, म्हणून माल नेहमी सकाळी उतरवून घ्या.

पुढे ओलावा मोजणारे यंत्र आणून पाहिले, तर काटा २६ टक्क्यांवर गेला. चौकटीसाठी लाकूड बारा ते पंधरा टक्क्यांच्या आसपास हवे. दिव्यांच्या उष्णतेत आणि उन्हात ते सुकू लागताच दहा फुटी फ्लॅट पिळले, आणि दोन फ्लॅट जोडणाऱ्या बिजागऱ्यांची भोके एकमेकांसमोर येईनात, त्यामुळे पिन आत जाईना. दुपारचा प्रयोग दुसऱ्या नाटकाचा आणि रात्रीचा आपला असतो, तेव्हा मधल्या थोड्या वेळात सगळा सेट याच पिनांवर उभा राहतो, हे रंगमंचामागे काम केलेल्यांना वेगळे सांगायला नको.

मग माप घेतले. नग ३ × २ नव्हते, पावणेतीन बाय पावणेदोन होते. रुंदी आणि जाडी इंचांत, लांबी फुटांत घेऊन गुणाकाराला १४४ ने भागा. ९६ नगांचे ३२.०८ घनफूट भरतात. म्हणजे जवळजवळ आठ घनफूट लाकूड, ६,७२९ रुपयांचे, आलेच नाही. रंध्यात तेवढे जाते, असे उत्तर मिळाले. त्या नगांवर करवतीचे ओरखडे तसेच होते. रंधा लागलेलाच नव्हता.

प्लायवर मरीन प्लायचा 'आयएस ७१०' हा आकडा आणि आयएसआयचे चिन्ह होते, पण चिन्हाखाली परवाना क्रमांक नव्हता. 'सीएम/एल'ने सुरू होणारा तो क्रमांक नसेल तर तो ताव उतरवून घेऊ नका. असेल तर भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपवर उत्पादकाचे नाव जुळते का ते पाहा. खरा मरीन प्लाय ७२ तास उकळण्याच्या चाचणीत टिकावा लागतो. माझ्या तुकड्याचे थर पहिल्याच दुपारी सुटले.

बोल्टांचे प्रकरण सर्वांत गंभीर आहे. डोक्यावर ८.८ कोरलेले होते. त्यातला पहिला आठ सांगतो की बोल्ट तुटेपर्यंत चौरस मिलिमीटरला सुमारे ८०० न्यूटन ताण सोसेल, आणि दुसरा सांगतो की त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत तो कायमचा लांबणार नाही. आमचे बोल्ट साध्या पान्याने आवळतानाच लांबले आणि त्यांचे आटे गेले. तालमीत एका लेव्हलचा पाय सुटला. सुदैवाने वर कुणी उभे नव्हते. ग्रेडच्या आकड्याबरोबर बोल्टच्या डोक्यावर उत्पादकाची खूण असावीच लागते. आमच्या एकाही बोल्टवर ती नव्हती. आणि जिप्सम बोर्डासाठीचे काळे स्क्रू भार येणाऱ्या जोडात कुणी देऊ लागले तर घेऊ नका. ते वाकून इशारा देत नाहीत, थेट तुटतात.

तक्रारीचा अनुभव फसवणुकीपेक्षा कडू आहे. पोलीस ठाण्यात सांगण्यात आले की हा दिवाणी व्यवहार आहे. भारतीय न्याय संहितेचे फसवणुकीचे कलम ३१८(४) दखलपात्र आहे, हे मी लेखी नेले, तरी अदखलपात्र नोंद करून माझ्या हाती एक कागद ठेवण्यात आला. मापांच्या कार्यालयाने मला दुसऱ्या जिल्ह्याकडे पाठवले, त्या जिल्ह्याने पुन्हा पहिल्याकडे. ग्राहक मदतवाहिनीवरची तक्रार 'ग्राहकाने माल तपासून स्वीकारला' या व्यापाऱ्याच्या एका ओळीवर बंद झाली, आणि तो माल कुणी तपासला, कधी तपासला, हे मला विचारावे असे कुणालाही वाटले नाही. आपण व्यावसायिक खरेदीदार आहात, ग्राहक नाही, असेही ऐकवले. स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी केलेली खरेदी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यावसायिक मानली जात नाही; हे कायद्यातच लिहिलेले वाक्य मला खिडकीवर उभे राहून वाचून दाखवावे लागले. बिलावर फक्त 'लाकूड व हार्डवेअर, एक लॉट' असे लिहिलेले होते, आणि प्रत्येक टेबलावर त्या पाच शब्दांचाच आधार घेण्यात आला. तुमच्या बिलावर लाकडाची जात, माप, नगांची संख्या, प्लायचा मानक क्रमांक आणि बोल्टची ग्रेड आल्याशिवाय उरलेली रक्कम देऊ नका. नमुन्याच्या तुकड्यावर दुकानदाराची सही घेऊन तो आपल्याकडे ठेवा.

पर्यायी सामानाला ४६,३०० रुपये वेगळे गेले. जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली आहे, आणि सगळा माल पुरावा म्हणून बांधून ठेवला आहे. पण तोच व्यापारी अजून माल विकतो आहे, आणि तसेच बोल्ट आज कुणाच्या तरी लेव्हलखाली असतील. नुसते ८.८ कोरलेले आणि उत्पादकाची खूण नसलेले बोल्ट तुमच्याकडे असतील, तर पुढच्या प्रयोगाआधी ते काढून टाका.