जुन्या डेस्कटॉपसाठी साटा एसएसडी की एनव्हीएमई?

हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणारा ड्राइव्ह) आली की मशीन पळू लागतं, यात वाद नाही. घोळ होतो तो साटा (हार्ड डिस्कचीच जुनी जोडणी वापरणारी) घ्यायची की एनव्हीएमई (नव्या, वेगवान जोडणीची), इथे.

खोक्यावरचे आकडे पाहिले तर सामना एकतर्फी वाटतो. साटा सेकंदाला साधारण ५५० एमबीवर अडते, पीसीआयई (एनव्हीएमई ज्यावर चालते ती मदरबोर्डवरची जोडणी) ३.० ची चांगली एनव्हीएमई ३,५०० च्या आसपास, ४.० ची ७,००० पर्यंत जाते. पण हे आकडे एकच मोठी फाइल सलग वाचतानाचे. विंडोज सुरू होताना डिस्कवर विखुरलेले हजारो बारीक तुकडे गोळा करावे लागतात. त्या कामात हार्ड डिस्क सेकंदाला जेमतेम १ एमबी देते, साटा एसएसडी तिच्या कितीतरी पट. एनव्हीएमई आणखी पुढे, पण बारापट वगैरे मुळीच नाही. ऑफिसचं काम, ब्राउझर, अकाउंटिंग एवढंच असेल तर दोन्हींतला फरक हाताला जाणवत नाही. रोज मोठ्या व्हिडिओ फाइल्स हलवत असाल तर मात्र एनव्हीएमईच घ्या.

त्याआधी मदरबोर्डचं मॅन्युअल उघडा. एम.२ स्लॉट (छोटी, पट्टीसारखी एसएसडी बसवायची खाच) दिसला म्हणजे एनव्हीएमई चालेलच असं नाही. काही स्लॉट फक्त साटाचे असतात. काही बोर्डांवर तो स्लॉट भरला की साटाचे एक-दोन पोर्ट बंद होतात. फार जुन्या बोर्डात अडॅप्टर कार्डावर एनव्हीएमई दिसते, पण तिच्यावरून मशीन सुरू (बूट) होत नाही. अशा वेळी मुकाट्याने साटा.

माझ्या मते वेगापेक्षा आत काय आहे ते बघावं. स्वस्त क्यूएलसी (चिपच्या एका कप्प्यात चार बिट कोंबणाऱ्या) ड्राइव्हचा कॅशे (तात्पुरती वेगवान जागा) भरला की लिहिण्याचा वेग कधीकधी हार्ड डिस्कच्याही खाली घसरतो. टीएलसी (कप्प्यात तीनच बिट) घ्या, आणि शक्यतो १ टीबी.

जुनी हार्ड डिस्क फोटो-सिनेमांसाठी ठेवायला हरकत नाही. फक्त ती झोपलेली असताना ‘सेव्ह ॲज’ दाबलं की ती फिरू लागेपर्यंत खिडकी काही सेकंद थिजते, नवी एसएसडी असूनही. दोन एसएसडींचं रेड ० (डेटा दोन्हींवर वाटून त्यांचा एकच ड्राइव्ह) करण्याच्या फंदात पडू नका: बूटला फायदा नगण्य, आणि एक गेली की दोन्हींवरचा डेटा गेला.

विंडोज नव्याने टाकताना हार्ड डिस्कची केबल काढून ठेवा. नाहीतर बूटलोडर (विंडोज सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) गुपचूप तिच्यावर जाऊन बसू शकतो, आणि पुढे ती काढलीत की मशीन सुरूच होत नाही.