कुत्र्याच्या उपवासाला ओआरएसचं साधं पाकीट: 5 पैकी 4

लग्नातली तर्रीची हाडं, पोळ्याच्या दिवशीच्या उरलेल्या पुरणपोळ्या. हे पोटभर झालं की दुसऱ्या दिवशी कुत्रं ओकतं. धडधाकट, पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला अशा वेळी 12 ते 24 तास अन्न देत नाहीत, पोटाला आराम मिळतो. गडबड इथं होते की जेवणासोबत पाण्याचं भांडंही उचललं जातं. चंद्रपूरकडच्या मे महिन्याच्या उन्हात तेच जिवावर बेततं. म्हणून त्या दिवसासाठी मेडिकलमधलं 20.5 ग्रॅमचं ओआरएसचं पाकीट घरात असावंच.

त्यात 2.6 ग्रॅम मीठ आणि 13.5 ग्रॅम ग्लुकोज असतं, बाकी पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. ग्लुकोजच्या जोडीनं मीठ आतड्यातून आत शिरतं आणि त्यामागं पाणी ओढलं जातं. सगळा खेळ प्रमाणाचा आहे. पूर्ण पाकीट, उकळून गार केलेलं मोजून 1 लिटर पाणी, बस्स. गडव्याच्या अंदाजानं कालवलं आणि पाणी कमी पडलं तर घट्ट द्रावणानं हगवण वाढते. अर्धं पाकीट वापरू नये, भुकटी सारखी मिसळलेली असेलच असं नाही. वरून साखर, लिंबू, दूध काही नको. 24 तासांनी उरलेलं फेकायचं.

15 किलोच्या गावठी कुत्र्याला दर अर्ध्या तासानं 3-4 चमचे. एकदम वाटीभर ठेवलं तर ते घटाघट पितं आणि तसंच ओकून टाकतं. चाटत नसेल तर बिनसुईच्या सिरिंजनं गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडा. घशात पिचकारी मारली तर पाणी फुप्फुसात जातं. साधं पाणी बाजूला कायम असू द्या.

एक गुण कापला तो चवीच्या पाकिटांमुळं. डब्यातली गोड तयार पेयं तर घेऊच नका. शुगर-फ्री प्रकारात झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोडवा) असलं तर ते कुत्र्याला विष आहे.

हे पाकीट दवाखान्याची जागा घेत नाही. खांद्यावरची कातडी चिमटीत उचलून सोडा. ती लगेच बसली नाही, हिरड्या चिकट लागल्या, तर सलाइनची गरज आहे. कपाशीच्या फवारणीच्या दिवसांत लाळ गळते, अंग थरथरतं, सोबत ओकारी येते, तेव्हा विषबाधा समजून तडक पशुवैद्यकाकडे न्या. 6 महिन्यांखालचं पिल्लू, गाभण किंवा दूध पाजणारी कुत्री, मधुमेहाचं कुत्रं यांना उपाशी ठेवूच नये. पिल्लाची साखर झपाट्यानं उतरते, आणि रक्ताची हगवण असेल तर पार्वो (विषाणूमुळं होणारा जीवघेणा आजार) असू शकतो.

घरच्यांच्या एकादशीसोबत कुत्र्यालाही दर पंधरवड्याला उपास घडवणारे आहेत. वजन उतरवायचं असेल तर रोजचंच जेवण थोडं कमी करा. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या 48 लॅब्रेडोर कुत्र्यांच्या अभ्यासात रोज 25 टक्के कमी खाणारी कुत्री सरासरी पावणेदोन वर्षांहून जास्त जगली. तिथं उपवास नव्हता, मापातलं जेवण होतं.

उपवास सोडताना नेहमीच्या जेवणाच्या पाव भागाइतका मऊ भात आणि बिनहाडाचं उकडलेलं चिकन, त्यात कांदा-लसूण, तिखट, फोडणी काही नाही. दिवसातून 4 वेळा, 2-3 दिवस.