खरा एमटी-३२ की मंट?

डॉसबॉक्सवर, म्हणजे जुने डॉस गेम आजच्या संगणकावर चालवणाऱ्या प्रोग्रामवर, १९८८ चा ‘किंग्ज क्वेस्ट ४’ हा गेम लावायचा, तर संगीतासाठी दोन वाटा: रोलँडचा १९८७ चा एमटी-३२ हा वाद्यांचे आवाज काढणारा खराखुरा डबा, किंवा त्याची नक्कल करणारं ‘मंट’ हे मोफत सॉफ्टवेअर.

डब्याची मजा वेगळीच. त्याच्या छोट्या पडद्यावर ‘किंग्ज क्वेस्ट’वाल्या सिएरा कंपनीचे गेम स्वतःचे संदेश झळकवतात. पण तो संगणकाला जोडायला यूएसबी-मिडी केबल (मिडी म्हणजे वाद्यांना सूचना पाठवायची पद्धत) लागते, आणि स्वस्तातल्या काही केबली लांबलचक सिसेक्स संदेश (डब्यातले आवाज बदलणाऱ्या खास सूचना) अर्ध्यातच गिळतात; मग वाद्यं भलतीच वाजतात. एमटी-३२ च्या जुन्या आवृत्तीत आणखी एक खोड आहे. संदेश वेगाने आले की तिचा बफर, म्हणजे ते तात्पुरते साठवायची जागा, भरतो आणि पडद्यावर ‘बफर ओव्हरफ्लो’ उमटतं. त्यावर उपाय म्हणजे डॉसबॉक्सच्या मिडी सेटिंगमधलं ‘डिलेसिसेक्स’; ते संदेश जरा थांबून थांबून पाठवतं. हेडफोनचं भोक मात्र या आवृत्तीत नाहीच.

मंटला यातलं काहीच नडत नाही. फक्त मूळ रॉमच्या (डब्यातल्या चिपवरच्या मजकुराच्या) फाइली हव्यात, आणि त्या रोलँडच्या मालकीच्या. आवाज? डोळे मिटून ऐकलं तर मला तरी फरक ओळखणं अवघड जातं. जुने साहसी गेम चालवणाऱ्या स्कमव्हीएम या प्रोग्राममध्ये तर मंट आतच बसवलेलं आहे.

डबा आधीच घरात असेल तर जरूर जोडा. नुसतं ‘मंकी आयलंड’सारख्या जुन्या गेमचं संगीत ऐकायला जुन्या यंत्राला चढा भाव देणं मला पटत नाही.